सायकल गाडीवर चढवताना

मी दिव्याहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी करते. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताई, हे आमचं काम नाही, हे टेम्पोवाल्याचं काम. मीही दोन वर्षांपूर्वी असंच म्हणत होते. तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत नववीतल्या एका मुलीने मोजली. म्हणून आज हा विषय: एक वाहन दुसऱ्या वाहनावर नेताना, म्हणजे सायकल टेम्पोतून, जीपवरून किंवा रेल्वेने नेताना काय पाहायचं.

आमच्या दिव्यात निम्म्याहून जास्त घरं गावाशी बांधलेली. कुणाचं रत्नागिरी, कुणाचं सिंधुदुर्ग, कुणाचं रायगड. इथल्या इमारतींमध्ये जिन्याखाली मुलांच्या जुन्या सायकली पडून असतात. मुलं मोठी होतात, सायकल गंजत राहते. आमच्या गटातल्या बायकांनी त्या मागून घेतल्या, दुरुस्त करून घेतल्या आणि माणगाव तालुक्यातल्या एका वाडीतल्या मुलींना द्यायचं ठरवलं. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण जिथे ती योजना पोचत नाही, तिथे मुलीला चार किलोमीटर पायीच जावं लागतं. पाऊस लागला, अंधार लवकर पडायला लागला की आई म्हणते, राहू दे शाळा.

आम्ही नऊ सायकली गोळा केल्या. छोटा हत्ती ठरवला. आठ सायकली हौद्यात कशाबशा मावल्या. नववी मावेना. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, ही पुढच्या खेपेला नेऊ." मीच म्हटलं, "दादा, मागे फाळक्याला बांधा की. एवढीशी तर आहे." त्याने बांधली. माणगावला पोचेपर्यंत तिचा पुढचा चिमटा वाकला होता, मागच्या चाकाचे आरे तुटले होते. आठ मुली सायकल घेऊन घरी गेल्या. नववी तिथेच उभी राहिली. तिची सायकल दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि ते तीन आठवडे ती पावसात चालत गेली. तिच्या आईने मला फोनवर एवढंच सांगितलं, "वहिनी, तिला वाटलं तिचं नाव यादीत शेवटी होतं म्हणून तिला तुटकी दिली."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी विचारत सुटले, की त्या नवव्या सायकलचं नेमकं काय झालं?

उत्तराची सुरुवात मिळाली ती अमेरिकेतून. माझ्या चुलत दिराचा मुलगा तिकडे असतो. सुट्टीत ते एक मोठी गाडी भाड्याने घेतात. आपल्या एसटीएवढी गाडी, आत झोपायची जागा, शेगडी, मोरी, सगळं. तिला तिकडे मोटारहोम म्हणतात. अशा गाडीमागे काही लोक आपली लहान मोटार टोचन लावून नेतात, म्हणजे मुक्कामाला पोचल्यावर बाजारहाट करायला ती कामी येते. आणि बरोबर सायकलीही असतात. मी त्याला विचारलं, "अरे, मग सायकली बांधता कुठे? मधल्या जागेत?"

तो म्हणाला, "काकू, तिथेच तर सगळे चुकतात. मोठी गाडी वळली की मागच्या मोटारीचं तोंड तिच्या कोपऱ्याजवळ येतं. मध्ये सायकली टांगल्या असतील तर त्या बॉनेटवर आपटतात. शिवाय मोठ्या गाडीचा सायलेन्सर मागेच असतो, त्याच्या गरम हवेने टायर खराब होतो." मग ते काय करतात? शक्यतो सायकली मोठ्या गाडीच्या आतच ठेवतात. नाहीतर मागच्या मोटारीच्या टपावर, किंवा तिच्या अगदी शेवटी, दिवे आणि नंबर दिसतील अशा बेताने. टपावर बांधल्या तर उंची मोजून ती चिठ्ठी चालकासमोर चिकटवतात, कारण कमी उंचीच्या पुलाखाली शिरताना वर काय बांधलंय हे माणूस विसरतो.

आपल्याकडे अशी मोटारहोम कुणाच्या दारात नाही. पण तो बोलला त्यातली एकेक गोष्ट आपल्या टेम्पोला, जीपला, ट्रॉलीला लागू पडते. एक एक करून सांगते.

पहिली गोष्ट वजनाची. पाळण्यातला सी-सॉ आठवा. गाडीची मागची चाकं म्हणजे मधला टेकू. टेकूच्या मागे वजन टांगलं की पुढचं टोक उचललं जातं. समजा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. तुम्ही मागच्या चाकांपासून सव्वा मीटर मागे दोन सायकली टांगल्या. साधी मोठी सायकल साधारण २० किलोची, म्हणजे दोन मिळून ४० किलो. पण मागच्या चाकांवर ४० नाही, ६० किलो भार येतो. वरचे २० किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरचे कमी झाले. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी वळणावर आणि ओल्या रस्त्यावर नीट ऐकत नाही. आणि खड्ड्यात गाडी आदळली की टोकाला टांगलेली वस्तू सगळ्यात जास्त उसळते. आमची नववी सायकल दर खड्ड्याला फाळक्यावर आपटत गेली. म्हणून नियम असा: जड वस्तू दोन्ही चाकांच्या मध्ये, खाली आणि आत.

दुसरी गोष्ट बाहेर आलेल्या भागाची. सायकलचं हँडल किंवा पॅडल हौद्याबाहेर आलं तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याला ते लागू शकतं. आपल्याला वाटतं वीतभर तर आहे, पण अंधारात ते त्याला दिसत नाही. कायदाही इथे कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च वेगळा. बचत गटाच्या खात्यातून एवढी रक्कम गेली तर हिशोब कुणाला देणार? मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही, हेही बघायचं. मागच्या गाडीला तुमचा ब्रेकचा दिवा दिसला नाही तर पहिला दणका सायकलींनाच बसतो.

आणि एक. सायकली धरायला म्हणून कुणी हौद्यात बसू नका. मालाच्या टेम्पोत मागे माणसं बसवायची नसतात. सायकल दोरीने धरायची, बाईने नाही.

तिसरी गोष्ट बांधणीची. इथे बायकांचा हात चालतो, कारण गाठोडं बांधायची सवय आपल्याला आहेच.

आधी दोन्ही पॅडल काढा. बहुतेक सायकलींना पंधरा नंबरचा पाना लागतो. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, म्हणून बरेच जण ते सोडवताना अजून घट्ट करतात. सोपी खूण अशी: पाना पॅडलच्या दांड्याला वरच्या बाजूने लावा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. उजवं असो की डावं, दोन्ही असेच सुटतात. पॅडल पिशवीत घालून ती पिशवी त्याच सायकलला बांधा, नाहीतर पोचल्यावर जोड्या जुळवत बसावं लागतं.

मग हँडलचा नट सैल करून हँडल सायकलच्या रेषेत फिरवा. सीट खाली करा. एवढं केलं की सायकल चपटी होते आणि जिथे आठ मावत होत्या तिथे दहा मावतात. आम्हाला हे आधी ठाऊक असतं तर नववी बाहेर राहिलीच नसती.

सायकली एकीवर एक आडव्या टाकू नका. उभ्याच ठेवा, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. मध्ये गोणपाट किंवा पुठ्ठा घाला. चेनच्या बाजूवर दुसऱ्या सायकलचा भार येऊ देऊ नका, गिअरची सायकल असेल तर अजिबातच नाही. दोरी सायकलच्या मुख्य दांड्याला बांधा, आऱ्यांना कधीच नाही. दोन्ही चाकं दांड्याला जखडून टाका, म्हणजे ती फिरणार नाहीत.

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मागून आणा. जिथे लोखंड लोखंडाला घासतं तिथे त्या गुंडाळा. पण नुसत्या रबरावर भरवसा नको, रबर ताणतं. धरायला दोरीच हवी. नायलॉनची दोरीही भिजली की सैल पडते, म्हणून पावसाळ्यात वाटेत पुन्हा आवळावी लागते.

चौथी गोष्ट, वाटेत थांबून बघण्याची. मागे काय चाललंय ते चालकाला दिसत नाही. माल बसायला थोडं अंतर जावं लागतं, तेव्हा पहिली दोरी सैल होते. आम्ही आता दिव्याहून निघालो की शिळफाट्याला पहिल्यांदा थांबतो, मग पनवेल सोडल्यावर, मग कोलाडला. पाच मिनिटं लागतात. हात लावून हलवून बघायचं, हललं की आवळायचं.

आता रेल्वेचं सांगते, कारण दिवा म्हटलं की रेल्वे आलीच. आमच्या इथून सावंतवाडीला गाडी सुटते, तिच्यात गणपतीला आणि मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत डब्यात सायकल चढवायचा विचार करू नका. लांबच्या गाडीत सायकल बसायच्या डब्यात नेता येत नाही, ती ब्रेकव्हॅनमध्ये जाते. दोन रीती आहेत. तुम्ही त्याच गाडीने जात असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करा. तुम्ही जात नसाल तर पार्सल म्हणून पाठवा. दोन्हीकडे फॉर्म भरावा लागतो. सायकल गोणपाटात किंवा पुठ्ठ्यात बांधलेली हवी. तिच्यावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, फोन, कुठून कुठे, हे पुसलं जाणार नाही असं लिहा. पावती जपा, तिच्याशिवाय माल सुटताना त्रास होतो. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी पोचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी पार्सल ऑफिसात विचारा, की उतरायच्या स्टेशनावर पार्सल उतरवतात का. लहान स्टेशनावर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, तिथे सायकल उतरवायला वेळच मिळत नाही. अशा वेळी मोठ्या स्टेशनापर्यंत पाठवून पुढे रिक्षाटेम्पो करावा. आणि माल पोचला की लगेच सोडवा, ठरलेल्या वेळेनंतर पडून राहिला तर भाडं चढतं.

दिव्यातल्या मैत्रिणींना हात जोडून सांगते, वेळ वाचवायला सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडू नका. हातात ओझं असलं की मान वळत नाही. पुलावरूनच जा, दोघी मिळून सायकल धरा.

गाडीवर गाडी नेण्याची गोष्ट आपल्या कोकणाला नवी नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा निघाली. त्यात भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि घाटवळणाचा रस्ता टाळून गोव्यात उतरतात. २०२५ च्या गणपतीत तिथेच लोकांच्या मोटारींसाठीही अशी सेवा सुरू केली. तिथेही रीत तीच असते: वजन वाघिणीवर मधोमध, उंची ठरलेल्या मापात, चाकं जखडलेली. ट्रक असो की शाळकरी मुलीची सायकल, नियम बदलत नाही.

यंदा जूनमध्ये आम्ही पुन्हा सायकली नेल्या. यावेळी अकरा होत्या. चढवायच्या आदल्या दिवशी गटातल्या सहा जणींनी अंगणात बसून पॅडल काढली, हँडल फिरवली. दहा मावल्या. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, अकरावी मागे बांधू का?" मी म्हटलं, "नको दादा, ती पुढच्या खेपेला." ज्या मुलीची ती होती, तिच्या आईला मी आदल्या रात्रीच फोन केला. सायकल कधी येणार ती तारीख सांगितली आणि त्या तारखेला ती पोचवली. उशीर मुलीला समजतो, मोडकी सायकल समजत नाही.

तुमच्या गटात कुणी मुलींसाठी सायकली जमवत असेल, शिलाई मशीन नेत असेल, पिठाची गिरणी नेत असेल, तर हेच नियम लावा. जड ते आत आणि खाली. बाहेर काही येऊ द्यायचं नाही. दिवे-नंबर मोकळे. वाटेत तीनदा हात लावून बघायचं. आणि मावत नसेल तर नाही म्हणायचं, हे सगळ्यात आधी.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.