एकाच कोंबडीची पिल्लं, मग रंग इतके वेगळे कसे?

अंडी बसवून एकवीस दिवस झाले की खुडूक कोंबडीच्या पोटाखालून पिल्लं बाहेर पडतात. एक काळंकुट्ट, दोन पिवळी, तीन पाठीवर पट्टे असलेली, एखादं मानेवर पिसंच नसलेलं. जळगावजवळच्या असोद्यात, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरगावी असो की धुळ्याकडच्या एखाद्या वस्तीवर, परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घरात मग हा विषय निघतोच. हे कोणत्या कोंबड्याचं? शेजारच्या असीलचं, की बाजारातून आणलेल्या कडकनाथचं?

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यात पैसा गुंतलेला आहे. ‘कडकनाथ आहे’ असं सांगितलं की आठवडे बाजारात पिल्लाचा भाव चढतो. कोणती तलंग पुढे जास्त अंडी देईल आणि कोणती खुडूक बसून पिल्लं काढील, हेही तिच्या आईबापांवर बरंच अवलंबून असतं. म्हणून पिल्लाकडे पाहून काय ओळखता येतं आणि काय येत नाही, हे समजून घ्यायला हवं.

आधी आई तरी नक्की कोण?

आपण बापाचा शोध घेतो आणि आई ठरलेलीच आहे असं धरून चालतो. पण खुडूक कोंबडीखाली आपण तीन-चार कोंबड्यांची अंडी एकत्र ठेवतो. शिवाय एकाच खोक्यात अनेक कोंबड्या अंडी घालतात. अंडी उबवणारी कोंबडी पुष्कळदा त्यातल्या निम्म्या पिल्लांची दाईच असते.

बापाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. कोंबडीच्या अंडनलिकेत सूक्ष्म नळ्या असतात. कोंबड्याचे शुक्राणू त्यात साठून राहतात आणि रोजच्या अंड्यासाठी थोडेथोडे वापरले जातात. एकदा संग झाल्यावर साधारण दोन आठवडे, कधी तीन आठवड्यांपर्यंत फलित अंडी मिळू शकतात. म्हणजे आज खुराड्यात दिसणारा कोंबडाच बाप असेल असं नाही. गेल्या पंधरवड्यात विकलेला किंवा कापलेला कोंबडाही बाप असू शकतो. एकाच कोंबडीच्या दहा अंड्यांना दोन-तीन बाप असणं यात नवल काहीच नाही.

तुरा खोटं बोलत नाही

पिल्लाच्या अंगावर काही खुणा मात्र भरवशाच्या असतात. त्यातली पहिली म्हणजे तुरा. बहुतेक गावरान कोंबड्यांना करवतीसारखा एकेरी, उभा तुरा असतो. असीलचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला आणि तीन बारीक रांगांचा असतो. त्याला वाटाणा तुरा म्हणतात. नीट पाहिलं तर हा फरक नुकत्याच फुटलेल्या पिल्लातही दिसतो.

वाटाणा तुरा हा प्रभावी गुण आहे. आई किंवा बाप यापैकी एकाकडून त्याचं जनुक मिळालं तरी तो दिसतो. त्यामुळे आई एकेरी तुऱ्याची आणि पिल्लू वाटाणा तुऱ्याचं असेल, तर बाप वाटाणा तुऱ्याचाच असला पाहिजे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून निघाले. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. पुढे २००९ मध्ये या तुऱ्यामागचा जनुकीय बदलही सापडला.

उघड्या मानेचंही तसंच. अशा कोंबडीचं पिल्लू उघड्या मानेचं असेल, तर त्यावरून बाप कळत नाही. पण आईच्या मानेवर भरपूर पिसं असून पिल्लाची मान उघडी निघाली, तर तो गुण बापाचा. इथे आणखी एक बारकावा आहे. जनुक एकाच बाजूने आलं असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला खाली पिसांचा छोटा झुबका राहतो. दोन्ही बाजूंनी आलं असेल तर मान जवळजवळ पूर्ण उघडी असते.

उलट नियम मात्र लागू होत नाही. पिल्लाचा तुरा एकेरी आहे म्हणून असील बाप नाही, असं म्हणता येत नाही. बाप असीलचा संकर असेल तर त्याची निम्मी पिल्लं एकेरी तुऱ्याची निघू शकतात. खूण दिसली तर तो पुरावा, पण दिसली नाही म्हणून काही सिद्ध होत नाही.

रंगावर जाऊ नका

सगळ्यात जास्त फसवतो तो पिल्लाचा रंग. पिवळी लव असलेलं पिल्लू मोठेपणी पांढरं, तांबूस किंवा चट्टेरी होऊ शकतं. पांढरा रंगही एकाच प्रकारचा नसतो. लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी असतो आणि इतर रंगांना झाकतो. दुसऱ्या प्रकारचा पांढरा रंग दबून राहतो, आणि दोन रंगीत कोंबड्यांच्या पोटी अचानक पांढरं पिल्लू निघतं.

पायांचा पिवळा रंगही असाच दबून राहणारा आहे. पिल्लाचे पाय पिवळे असतील तर ते जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं असतं, मग त्यांचे स्वतःचे पाय पांढरे का असेनात. हे जनुक पाळीव कोंबडीत मुख्यतः सह्याद्री-सातपुड्यात आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आलं असावं, असं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याआधी तांबडा रानकोंबडा हाच कोंबडीचा एकमेव पूर्वज मानला जायचा.

कडकनाथचा बाप आणि कडकनाथची आई

आता खरा पैशाचा प्रश्न. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. तिथल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात या नावाचं आकर्षण इतकं वाढलं की २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथ पालनाच्या नावाखाली झालेली मोठी गुंतवणूक फसवणूक उघडकीस आली.

कडकनाथचं कातडं, तुरा, मांस, हाडांवरचं आवरण असं सगळं काळं असतं. हा काळेपणाही प्रभावी गुण आहे. म्हणजे गावरान आणि कडकनाथ यांच्या पहिल्या संकरातही काळी पिल्लं निघतात. निव्वळ काळा रंग हा शुद्धतेचा दाखला नव्हे, तो इथे.

त्यात लिंगानुसार फरक पडतो. पक्ष्यांमध्ये नराला दोन झेड गुणसूत्रं असतात. मादीला एकच झेड असतं, आणि ते नेहमी बापाकडून येतं. कातड्यातला काळेपणा रोखणारं एक जनुक याच झेडवर असतं. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबडीकडे बहुधा ते असतं. अशा कोंबडीला कडकनाथ नर लावला तर तलंगा गडद काळ्या आणि नर पिल्लं फिकी निघतात. जोडी उलट केली, म्हणजे आई कडकनाथ आणि बाप पांढऱ्या पायांचा असेल, तर दोन्ही फिकी दिसू शकतात. एकाच बापाची पिल्लं एक काळं, एक राखाडी दिसली म्हणून लगेच संशय घेण्याचं कारण नाही.

संकर उघडा पडतो तो पुढच्या पिढीत. दोन संकरित काळ्या पक्ष्यांची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू हा काळेपणा न घेता जन्मतं. त्यामुळे पिल्लं घेण्याआधी विकणाऱ्याकडचे मोठे नर-मादी पाहा आणि त्यांची आधीची पिल्लंही पाहा. आणि हो, कडकनाथचं अंडं काळं नसतं, ते फिकट बदामी असतं. काळेपणा हे मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य आहे, औषध नव्हे.

सुधारित जातींची दुसरी पिढी

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा ही नावं आपल्याकडे घरोघरी पोहोचली आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया चांगल्या देखभालीत वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते. गावरान कोंबडी साधारण ५० ते ८० देते. पण हे पक्षी वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेले असतात. त्यांची पिल्लं घरीच काढली तर गुण विखुरतात आणि अंड्यांची संख्या बेभरवशाची होते. शिवाय अशा कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांचा नर गावरान कोंबड्यांत सोडताना हा हिशेब लक्षात ठेवावा. अंडी वाढू शकतात, पण काही पिढ्यांनी गावात पिल्लं काढणारी कोंबडी मिळणं कठीण होऊ शकतं.

तीन आठवड्यांचा नियम

बाप नक्की हवा असेल तर उपाय सोपा आहे. कोंबडीला सगळ्या नरांपासून तीन आठवडे वेगळं ठेवा. मग हवा तो एकच नर तिच्याजवळ सोडा आणि पुढची अंडी पेन्सिलीने तारीख टाकून बाजूला ठेवा. प्रयोगशाळेत डीएनए तपासूनही बाप कळतो, पण परसातल्या पिल्लांसाठी तो खटाटोप परवडणारा नाही.

बाजारातून आणलेल्या कोंबडीला तर हे तीन आठवडे आणखी एका कारणासाठी द्यायलाच हवेत. देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती आपल्याच खानदेशात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. मानमोडी तर गावातलं खुराडंच्या खुराडं रिकामं करते. नवी कोंबडी वेगळी ठेवली की तिच्यात काही आजार दडलेला असेल तर बहुधा या काळात दिसतो, आणि जुन्या नराचे शुक्राणूही संपतात. एकाच वेळी कोंबड्याही सुरक्षित राहतात आणि पिल्लांच्या बापाचा वादही उरत नाही. या काळात अचानक मरतूक झाली तर मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.