द्राक्षगर्भाशेजारचे बाळ

आपल्या अंबडच्या शिवारात एखादी खोल विहीर असेल, तर कठड्याशी उभे राहून हाक मारा. आवाज परत यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खाली आहे, याचा हिशेब करता येतो. याच प्रतिध्वनीच्या तत्त्वावर डॉक्टर आईच्या पोटातील गर्भ पाहतात. फार क्वचित त्यांना एक अजब जोडी दिसते : एकीकडे हृदय धडधडणारे बाळ आणि शेजारी द्राक्षांच्या घोसासारखा, पाणीदार फुगवट्यांचा गोळा!

हा गोळा म्हणजे द्राक्षगर्भ. तो कसा तयार होतो? एरवी आईकडून 23 आणि वडिलांकडून 23 अशी 46 गुणसूत्रे गर्भाला मिळतात. येथे स्त्रीबीजात आईची गुणसूत्रेच नसतात; बहुधा एकाच शुक्रपेशीची 23 गुणसूत्रे दुप्पट होतात. बेरीज 46 भरते, पण बाळ घडत नाही. नुसती वारच वेडीवाकडी वाढत सुटते. नुसती संख्या पुरत नाही, आई व वडील दोघांचाही वाटा लागतो! शेजारचे बाळ मात्र दुसऱ्या स्त्रीबीजापासून झालेले असते, म्हणून ते निकोप असू शकते. यात आईचा दोष नसतो, ग्रहणाचा तर नाहीच.

आता थोडे गणित. सोनोग्राफीतील श्राव्यातीत ध्वनीची वारंवारता साधारण 35 लाख हर्ट्झ आणि मऊ ऊतींतील वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर. वेगाला वारंवारतेने भागा. तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी येते. म्हणूनच काही मिलिमीटरचे फुगवटेही वेगळे ओळखता येतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी 1958 मध्ये या तंत्रावरील निबंध प्रसिद्ध केला, त्यापूर्वी डॉक्टरांना ही सोय नव्हती.

पण दिसले म्हणजे संपले नाही. आईला रक्तस्राव व अतिरक्तदाबाचा धोका असतो. इंग्लंडमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे गर्भारपण पुढे चालू ठेवलेल्या 53 स्त्रियांपैकी 20 जणींना जिवंत बाळ झाले. थांबायचे की नाही, हा निर्णय म्हणूनच कठीण असतो.

प्रसूतीनंतरही आईच्या रक्तातील वारेच्या संप्रेरकावर लक्ष ठेवतात. ते उतरेना, तर रोगट पेशी उरल्या असे समजतात. त्यावर मेथोट्रेक्सेट हे औषध गुणकारी ठरते. ते ज्या संशोधनातून निघाले, त्याचे नेतृत्व भारतात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले होते.

विहिरीतला प्रतिध्वनी आणि गुणसूत्रांची बेरीज, दोन्ही तुमच्या शाळेतलेच धडे. एका आईचा जीव त्यांवर अवलंबून असू शकतो.