आकाशात पट्टे का दिसतात?

कलर बँडिंग: व्हिडिओत रंगाची सलग उतरण तुटून पायऱ्यांसारखे पट्टे दिसणे. उदाहरण सिंगापूरचे: विषुववृत्तापासून जेमतेम १ अंश उत्तरेला. संध्याप्रकाश झपाट्याने ओसरतो, हवा दमट. निळ्यापासून नारिंगीपर्यंतच्या या मऊ आकाशात पट्टे लगेच डोळ्यांत भरतात.

८ बिट: प्रत्येक रंगवाहिनीत २५६ पातळ्या, एकूण सुमारे १.६७ कोटी रंग.
१० बिट: १,०२४ पातळ्या, सुमारे १०७ कोटी रंग. ८ बिट लॉग (सपाट, कमी कॉन्ट्रास्टचे) फुटेज ग्रेडिंगमध्ये (रंग-सुधारणेत) ताणले की पातळ्यांमधली दरी उघडी पडते.

आधी हे तपासा: दोष फाइलमध्ये की पडद्यात? मूळ क्लिप, प्रॉक्सी (हलकी प्रत) नव्हे, १० बिट मॉनिटरवर पाहा. इथे घाई नको. पुढचे सगळे उपाय या उत्तरावर ठरतात.

उपाय: ३२ बिट फ्लोट प्रक्रिया (दा विंची रिझॉल्व्हमध्ये ती अंगभूत असते). ग्रेडिंग सौम्य. आकाशावर बारीक ग्रेन. त्याने पट्ट्यांच्या कडा विरघळतात. निर्यात १० बिट एचईव्हीसीमध्ये, बिटरेट चढा. मूळ ८ बिट फाइल १० बिटमध्ये बदलून हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

गल्लत नको: चौकोनी ठोकळे दिसले तर तो कॉम्प्रेशनचा दोष. एलईडी दिव्यांखाली सरकणाऱ्या आडव्या काळ्या रेघा म्हणजे फ्लिकर. सिंगापूरची वीज ५० हर्ट्झ; शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे.