मुंबईची थंडी आणि राणीच्या बागेतील पेंग्विन

मुंबईत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा जाणवू लागला की भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत, गर्दी वाढते. या गर्दीचे मोठे आकर्षण असते ते हम्बोल्ट पेंग्विनचे. थंडीत हे पक्षी अधिक सुखावत असतील, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः बाहेरच्या हवेशी त्यांचा संबंध येतच नाही.

दक्षिण कोरियातील सोल येथून जुलै २०१६ मध्ये आठ पेंग्विन मुंबईत आणण्यात आले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. या बंदिस्त दालनात तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. जानेवारीत मुंबईची पहाट जवळपास तेवढीच गार असते. दुपारी मात्र पारा तिशी गाठतो. त्यामुळे ऐन हिवाळ्यातही शीतकरण यंत्रणेला विश्रांती नसते.

हम्बोल्ट पेंग्विन हा बर्फातील पक्षी नव्हे. पेरू आणि चिलीच्या रुक्ष किनाऱ्यांवर त्याचे वास्तव्य असते. तेथील समुद्रातून वाहणाऱ्या थंड प्रवाहात त्याला मासे मिळतात. चोचीच्या मुळाशी असलेल्या पिसेविरहित गुलाबी त्वचेतून तो शरीरातील जादा उष्णता बाहेर टाकतो. दालनात काचेजवळ आलेल्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर ही त्वचा सहज दिसते.

केवळ गारवा पुरवून मात्र भागत नाही. बंदिवासातील पेंग्विनना श्वसनमार्गाच्या बुरशीजन्य रोगाचा धोका असतो. म्हणून हवा आणि पाणी सतत शुद्ध ठेवावे लागते. मुंबईतील एक मादी ऑक्टोबर २०१६ मध्ये जंतुसंसर्गाने दगावली. ऑगस्ट २०१८ मध्ये जन्मलेले पहिले पिल्लूही काही दिवसांतच मरण पावले. पुढे २०२१ मध्ये जन्मलेली पिल्ले मात्र जगली आणि येथील पेंग्विनची संख्या वाढली.

थंड प्रदेशातील प्राणी जपण्याचा दुसरा मार्ग दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयात दिसतो. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय सुमारे सात हजार फूट उंचीवर आहे. हिमबिबट्या आणि लाल पांडा यांना तेथे नैसर्गिक थंडी लाभते. तेथे वाढलेल्या लाल पांडांना २००३ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्याचा प्रयोगही झाला.

मुंबईतील पेंग्विनसाठी असे जवळचे रान नाही. यंत्रांनी सांभाळलेले दालन हेच त्यांचे घर. त्यांच्या मूळ किनाऱ्यावरही परिस्थिती बिकट आहे. खतासाठी पक्ष्यांच्या विष्ठेचे थर खणून नेल्याने घरट्यांच्या जागा नष्ट झाल्या आणि एल निनोच्या काळात मासे दुरावतात. जागतिक यादीत हा पक्षी 'असुरक्षित' गटात मोडतो. काचेपलीकडचे कौतुक या वास्तवापर्यंत पोहोचले, तरच या दालनावर होणारा खर्च केवळ करमणुकीपुरता उरणार नाही.