जुनी जीप: आधी ब्रेक, मग टायर

जुनी जीप घरी आणून नवी करायची म्हटलं की पहिला पैसा कुठे जातो, हे ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी कळतं. 31 इंची चिखलाचे टायर, विंच बसेल असा लोखंडी बंपर, काचेच्या वर एलईडीची पट्टी आणि खिसा परवानगी देत असेल तर जास्त ताकदीचं डिझेल इंजिन. गाडी त्याच संध्याकाळी रुबाबदार दिसायला लागते. खाली मात्र सत्तर वर्षांपूर्वी आखलेले ड्रम ब्रेक, झिजलेले किंगपिन आणि गंजानं पोखरलेली चासी जशीच्या तशी असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. जुन्या गाडीत बसवलेला प्रत्येक नवा भाग आपला भार शेजारच्या जुन्या भागावर ढकलतो. म्हणून सुधारणा सुरू करायची ती सगळ्यांत कच्च्या भागापासून, आणि जुन्या जीपमध्ये इंजिन हा सगळ्यांत कच्चा भाग क्वचितच असतो.

आपल्याकडे जुनी जीप म्हणजे बहुतेक वेळा महिंद्राची सीजे-3बी किंवा तिच्या वंशातली पुढची एखादी गाडी. विलिस कंपनीनं अमेरिकेत 3बी आणली 1953 मध्ये. युद्धकाळातल्या जीपचं 2.2 लिटरचं इंजिन साठ अश्वशक्तीचं होतं. त्याच मापाच्या नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर गेले, ताकद सत्तरीच्या पुढे गेली आणि ते उंच इंजिन झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. तिकडे हे मॉडेल मागे पडलं, पण इथे महिंद्रानं ते पुढे कितीतरी वर्षं बनवलं. पोलीस, पाटबंधारे खातं, तहसीलदार, निवडणुकीचा प्रचार आणि शेवटी दहा-पंधरा माणसं कोंबलेली वडाप, असा तिचा प्रवास महाराष्ट्रानं पाहिला आहे. हा इतिहास दुरुस्तीच्या कामाचा आहे, कारण घरी येणारी जीप यांपैकी कुठे राबली त्यावर तिची झीज ठरते. वडापच्या गाडीचे मागचे कमानपाटे आणि चासीचा मागचा आडवा पट्टा थकलेला असतो. कोकणातल्या गाडीला खारी हवा आणि पावसाळा आतून खातात. लिलावातून आलेली लष्करी गाडी कमी चाललेली असली, तरी वर्षानुवर्षं उभी राहिल्यामुळे तिचे रबरी भाग मेलेले असतात.

कामाला हात चासीपासून घालावा. वरून मारलेला काळा रंग पाहून काही कळत नाही. हातोडीनं टिचक्या मारत गेलं की धड लोखंड खणखणतं आणि कुजलेलं बद्द वाजतं. जिथे पट्टीवर पट्टी बसलेली असते, म्हणजे कमानपाट्यांच्या हँगरपाशी आणि बॉडीच्या माउंटिंगखाली, तिथे चिखल अडकून ओल धरतो आणि गंज दोन पत्र्यांच्या मधून सुरू होतो. बॉडीच्या पत्र्यासाठी साधं लोहचुंबक पुरतं. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा संपलेला आहे आणि वर लांबी थापलेली आहे. चासी वाकली आहे का, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही, गवंड्याचा ओळंबा चालतो. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर घ्यायची, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खुणा करायच्या आणि मग तिरकी मापं घ्यायची. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी सरळ. त्यांत फरक आढळला, तर व्हील अलाइनमेंटवर पुढे कितीही पैसे घाला, गाडी एका बाजूला ओढणारच. ही मापं रंगाच्या आधी घ्यायची असतात. इतकी साधी गोष्ट असूनही बहुतेक ठिकाणी रंग आधी होतो.

यानंतर पुढचा ॲक्सल. जीप ‘थरथरते’ अशी तक्रार आली की मिस्त्री आधी चाकांच्या बॅलन्सिंगकडे बोट दाखवतो. पण सलग ॲक्सलच्या गाडीत पुढची चाकं वेगात फडफडायला लागली, की संशय आधी नकलवर, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या चाकाच्या सांध्यावर, घ्यायला हवा. चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली हात धरून हलवायचं. खडखड लागली तर ती व्हील बेअरिंगची की किंगपिनची, हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि चाक पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि ब्रेकची प्लेट एकमेकांना जखडतात, त्यामुळे व्हील बेअरिंगची ढिलाई नाहीशी होते. तरीही चाक हलत असेल तर खोट किंगपिनमध्ये आहे. किंगपिनची बेअरिंग शंकूच्या आकाराच्या रोलरची असतात आणि त्यांचा ताण टोपीखालच्या कागदाएवढ्या पातळ शिमांनी बसवतात. एक शिम जास्त राहिली तर ढिलाई, एक कमी पडली तर स्टिअरिंग जड. नकल दगडासारखी घट्टही नको आणि लोंबतीही नको. सगळे टाय रॉड सोडून ती हातानं वळवून पाहायची, किंचित अडत पण अखंड फिरली म्हणजे ताण बरोबर आहे. हे काम घरच्या ओट्यावर, चांगल्या उजेडात आणि कसलीही घाई नसताना जितकं नीट होतं, तितकं गर्दीच्या गॅरेजमध्ये होत नाही. घरी जीप करण्यामागचं सगळ्यांत भक्कम कारण मला हेच वाटतं. मजुरी वाचते हे कारण त्याच्या खूप मागचं.

आता ब्रेक. मूळ 3बीत चारही चाकांना ड्रम, एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट आणि बूस्टर नाही. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या अंगाला, म्हणजे बरोबर चिखल उडतो तिथे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ती ओल सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांवर घासून रबरी वॉशर फाटतो. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात, कारण सगळ्यांची नळी एकच. हँडब्रेक तर या गाडीतली सगळ्यांत गैरसमज झालेली गोष्ट. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. त्यामुळे हँडब्रेक ओढून मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियल आपलं काम करतं. उचललेलं चाक उलटं फिरू शकतं, म्हणून जमिनीवरचं सुटतं आणि उतारावरची गाडी जॅकवरून निघते. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला तरी हँडब्रेक गेलाच. घरी काम करणाऱ्यानं चाकाला लाकडी ठोकळे लावल्याशिवाय या गाडीखाली शिरू नये, आणि जॅक हा स्टँड नव्हे.

हे सगळं जागेवर असताना मोठे टायर काय करतात? मूळ 6.00-16 टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंचीचा. 31 इंची टायर बसवला की उंची सुमारे नऊ टक्के वाढते. मूळचा 5.38 गुणोत्तराचा क्राउन-पिनियन रस्त्यावर आता 4.95 सारखा वागतो, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ कमी. मालक म्हणतो, गाडी घाटात दमते, इंजिन बदलू. वास्तविक त्यानंच टायरातून ती ओढ घालवलेली असते. तोच तोटा ब्रेकच्याही वाट्याला येतो, कारण ड्रम तेवढाच राहिला आणि चाकाचा दांडा लांबला. त्यात टायरचं वाढलेलं वजन नकलवर आणि किंगपिनवर पडतं, ते वेगळंच. मग नवं इंजिन आलं की गाडी साठऐवजी ऐंशीनं पळते. वेग तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, पण थांबताना ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वर्गाच्या हिशेबानं जवळजवळ पावणेदोन पट झाली. आणि ती जिरवायला तेच चार ड्रम.

ऑफ-रोड करणाऱ्यांचा यावर एक आक्षेप ठरलेला असतो. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये चालते, तिथे ब्रेकचं एवढं कौतुक कशाला? उतारावर इंजिनच गाडी धरतं, हे खरंच. पण चिखलाच्या चढावर इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरायला लागली, की हाताशी फक्त ब्रेक उरतो. ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लायनर सुकेपर्यंत पेडल दाबूनही ब्रेक नीट धरत नाही. शिवाय ती गाडी त्या ओढ्यापर्यंत ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून, एसटी आणि ट्रकच्या मधूनच जाते. दिवसभराच्या ऑफ-रोडला निघालेल्या जीपचे बहुतेक किलोमीटर डांबरावर पडतात, हे त्या छंदातली माणसंही नाकारणार नाहीत.

दुसरा आक्षेप मूळपणाच्या भक्तांचा. ते म्हणतात, कारखान्यातून आली तशीच ठेवा, सुधारणा हवीच कशाला? त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि गाडी प्रदर्शनापुरती असेल तर त्यांचंच खरं. पण रस्त्यावर चालवायच्या गाडीत एका गळतीनं चारही ब्रेक घालवणारी रचना केवळ मूळची आहे म्हणून जपावी, हे पटत नाही. पुढच्या-मागच्या चाकांची सर्किटं वेगळी करणारा मास्टर सिलिंडर ही सगळ्यांत कमी दिखाऊ आणि सगळ्यांत मोलाची सुधारणा. डिस्क ब्रेकबद्दल मात्र उत्साह आवरावा. ड्रममधला शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप थोडा ओढला जातो, डिस्कला ती मदत नाही. म्हणून बूस्टरशिवाय डिस्क बसवली की पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, घासत राहतात आणि तापतात. म्हणजे भार शेजाऱ्यावर ढकलण्याचा नियम ब्रेकच्या सुधारणेलाही चुकत नाही. साध्या वापराला नवे सिलिंडर, लेथवर साफ केलेले ड्रम, नव्या नळ्या आणि नीट काढलेली हवा एवढ्यानंही गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

इंजिनाचं म्हणाल तर बदलण्याआधी एकदा कॉम्प्रेशन मोजावं. एखाद्या सिलिंडरमध्ये दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या आहेत, तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे. ‘ताकदच नाही’ म्हणून बदललेली कित्येक पेट्रोल इंजिनं नुसत्या व्हॉल्व्हच्या कामानं उभी राहिली असती, असं माझं मत आहे. अर्थात बोअरिंग, चासीचं वेल्डिंग, ड्रम टर्निंग ही कामं घरी करायची नाहीत, ती लेथवाल्याकडे आणि अनुभवी वेल्डरकडेच द्यायची. घर हे सोडण्यासाठी, साफ करण्यासाठी, मोजण्यासाठी आणि पुन्हा जोडण्यासाठी.

पैशाचा आक्षेपही रास्त आहे: एवढ्यात बरी सेकंडहँड गाडी येते. येतेच. जुनी जीप हा किफायतीचा व्यवहार नाही आणि तसा तो कुणी विकत असेल तर तिथून निघावं. पण ज्याला करायचीच आहे, त्याच्यासाठी हा क्रम स्वस्तही पडतो. आधी टायर आणि बंपर घेणारा माणूस सहा महिन्यांनी नकल आणि ब्रेकसाठी तीच चाकं पुन्हा उतरवतो.

शेवटी कायदा, कारण तो टाळून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 च्या निकालात ते स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओच्या परवानगीशिवाय नाही. बुल बारवर केंद्राच्या वाहतूक मंत्रालयानं 2017 च्या डिसेंबरातच हरकत घेतली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ अवस्थेत असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिचं शुल्क नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षांची, पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर हा रस्ता बंद होतो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडा. चासी नंबर, इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार गाडीशी ताडून पाहा. चासीवरचा नंबर गंजात बुडाला असेल तर तो घासू नका, पंच करू नका, गाडी तशीच आरटीओत दाखवा आणि तिथून लेखी घ्या.