मेग्ज फील्ड ते सेडोना : घरच्या संगणकावर उड्डाण शिकण्याची चाळीस वर्षे

घरच्या संगणकावर विमान उडवायला शिकायची सोय १९८० च्या सुमारास झाली. इलिनॉय विद्यापीठात शिकत असताना ब्रूस आर्टविक यांनी १९७५ साली एक प्रबंध लिहिला. उडत्या विमानातून दिसणारे दृश्य संगणकाच्या पडद्यावर हलते कसे दाखवता येईल, हा त्याचा विषय होता. दोन वर्षांनी त्यांची सबलॉजिक ही कंपनी निघाली आणि तिने ॲपल-२ या संगणकासाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ बाजारात आणले. १६ किलोबाइट मेमरीत जेवढे जग मावेल तेवढेच त्यात होते : ३६ चौकोनांचे एक जाळे आणि रेघांनी काढलेले डोंगर. चित्र धक्के खात पुढे सरके. तरीही काडी पुढे ढकलली की नाक खाली जाते, वेग वाढतो, आणि मागे ओढली की नाक वर येऊन वेग मरतो, हा उड्डाणाचा पहिला धडा त्या रेघांमध्येही बरोबर उमटत होता.

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना त्याआधी पन्नास वर्षांची. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचेच भाते आणि हवेच्या नळ्या वापरून लिंक यांनी १९२९ साली एक डुलणारी पेटी तयार केली. सुरुवातीला ती जत्रेतल्या करमणुकीपलीकडे फारशी गेली नाही. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपालवाहतूक सोपवली गेली, खराब हवेत एकामागून एक विमाने कोसळली, आणि मग लष्कराने लिंकच्या पेट्या विकत घेतल्या. पेटीचे झाकण बंद केले की आतल्या शिकाऊ माणसाला बाहेरचे काहीच दिसत नसे. समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवून ढगातून विमान सरळ न्यायचे, एवढेच तिथे शिकवले जाई. सिम्युलेटरचा हा जन्मगुण पुढे कधी पुरता सुटला नाही. घरच्या संगणकावर शिकणाऱ्या नवख्याचे बळ आणि खोड, दोन्ही त्यातूनच आली आहेत.

मायक्रोसॉफ्टने आर्टविक यांच्याकडून हक्क घेऊन नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी आपली पहिली आवृत्ती काढली. हा कार्यक्रम यंत्राच्या अंतर्भागाला इतक्या थेट हात घालायचा, की दुसऱ्या कंपनीचा पीसी खरोखर आयबीएमसारखा आहे की नाही हे तपासायला तो लोटस १-२-३ या हिशेबाच्या कार्यक्रमाच्या बरोबरीने चालवून पाहत. त्यात अमेरिकेचे चार भाग होते : शिकागो, सिॲटल, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क-बोस्टनचा पट्टा. विमान सेसना १८२. सुरुवात शिकागोच्या तळ्याकाठी असलेल्या मेग्ज फील्डच्या एकुलत्या एका धावपट्टीवरून. पुढची जवळजवळ वीस वर्षे जगभरच्या लाखो नवख्यांनी पहिले उड्डाण इथूनच केले आणि पहिला अपघातही बहुधा इथेच, मिशिगन तलावात.

त्या काळातला शिकाऊ माणूस कीबोर्डवर उडायचा. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांपैकी ८ दाबली की नाक खाली, २ दाबली की वर, ४ ला डावीकडे कल, ६ ला उजवीकडे, आणि ५ म्हणजे सगळे मध्यावर. कळ एक तर दाबलेली असते नाही तर सुटलेली. खऱ्या विमानात बोटभर दाबाने होणारे काम इथे टप्प्याटप्प्याने, खट्‌खट् करत व्हायचे. नवख्याचे विमान हमखास डोलायचे. उंची कमी होते आहे म्हणून दोनदा २ दाबायची, काही होत नाही असे वाटून आणखी दोनदा दाबायची, तोवर नाक आभाळाकडे. मग घाईने ८. वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारा काटा मुळातच काही सेकंद मागे असतो. त्याच्यामागे धावणारा कधीच स्थिर होत नाही. नाक क्षितिजाच्या किती वर आहे ते पाहायचे, इंजिनाची शक्ती ठरवायची आणि थांबायचे, हे कळायला बहुतेकांना आठवडे लागत. जे कळ दाबून थांबायला शिकले, ते उडायला शिकले.

बाहेर बघण्यासारखे काही नव्हतेच. जमीन म्हणजे हिरवा सपाट पट्टा, शहर म्हणजे चार-दोन ठोकळे. नजर आपोआप खालच्या काट्यांवर खिळायची. वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि ऊर्ध्व वेगाचा काटा, या सहांवरून नजर फिरवत राहणे ही कसलेल्या वैमानिकाची सवय नवख्याला पहिल्या महिन्यात लागे. व्हीओआर या रेडिओ-दिशादर्शकाची सुई मध्यावर आणून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणेही शाळकरी मुलांना जमू लागले. प्रत्यक्ष फ्लाइंग क्लबात हा भाग बऱ्याच उशिरा येतो. घरच्या संगणकाने अभ्यासक्रम असा उलटा करून ठेवला.

१९९० च्या दशकात चित्र सुधारले. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला पोत आला. १९९५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने आर्टविक यांची संस्थाच विकत घेतली. त्याच सुमारास ऑस्टिन मेयर यांचे ‘एक्स-प्लेन’ आले. पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचे बल क्षणोक्षणी मोजणे ही त्याची पद्धत. मायक्रोसॉफ्टचा भर आधी भरून ठेवलेल्या कोष्टकांवर होता. या दोन्हींचे भक्त आजही आपापसात भांडतात. पण सरळ उडायलाच धडपडणाऱ्या माणसाला त्या वादाचा उपयोग शून्य. ‘फ्लाइटगिअर’ हा मुक्त आणि फुकट सिम्युलेटरही याच दशकातला. महाराष्ट्रात घरोघरी असेंबल केलेले पीसी येऊ लागले ते साधारण याच वर्षांत, आणि अनेकांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जॉयस्टिकने या खेळाला सुरुवात केली.

जॉयस्टिकमुळे हात सैल झाला, पण एक नवी फसगत झाली. खऱ्या विमानात वेग बदलला की काडीवर येणारा दाब बदलतो. तो दाब हाताला जाणवेनासा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवायचे असते. जॉयस्टिकमध्ये मात्र एक स्प्रिंग असते आणि विमान काहीही करत असो, ती काडीला मध्यावरच ओढते. त्यामुळे घरी शिकलेला माणूस ट्रिम हाताने न करता डोळ्याने, म्हणजे पुन्हा काट्याकडे पाहून, करायला शिकतो. फोर्स-फीडबॅकच्या काड्या १९९० च्या दशकातच निघाल्या होत्या, पण त्या कधी सर्रास झाल्या नाहीत.

नवख्याच्या दृष्टीने खरा टप्पा २००० नंतरचा. तोवर जाड मॅन्युअल वाचायचे आणि स्वतःच धडपडायचे, हीच रीत. आता अमेरिकेतील नामांकित उड्डाण-प्रशिक्षक रॉड मशाडो यांचे धडे कार्यक्रमातच आले. आधी पाठ वाचायचा, मग सेसना १७२ मध्ये बसायचे आणि कानात प्रशिक्षकाचा आवाज : सरळ पातळीवर उड्डाण, वळणे, चढणे-उतरणे, मंद गतीचे उड्डाण, उड्डाण घेणे, उतरणे आणि मग एकट्याने सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी. उंची ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की आवाज टोकायचा. विनोद करतच, पण टोकायचा. एवढ्या स्वस्तात इतका पद्धतशीर अभ्यासक्रम त्याआधी कोणी घरपोच दिला नव्हता. २००२ च्या आवृत्तीत नियंत्रण मनोऱ्याशी संवादही आला. त्यात वाक्ये यादीतून निवडायची असली, तरी ‘डाउनविंड’, ‘बेस’, ‘फायनल’ हे शब्द मुलांच्या तोंडी बसले.

बाहेरच्या जगाचे घावही याच वर्षांत या खेळावर उमटले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेव्हा निघू घातलेली आवृत्ती लांबवून तिच्यातून न्यूयॉर्कचे जुळे मनोरे काढले गेले. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड एम. डेली यांच्या हुकमावरून बुलडोझरनी मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खोदल्या. विमानतळ कायमचा बंद झाला. त्याच वर्षी आलेल्या आवृत्तीत मात्र तो शाबूत होता, त्यामुळे ज्यांना तिथून उडायचे होते ते उडत राहिले.

उतरण्याचा धडा प्रत्येक आवृत्तीत नवख्याला रडवत आला आहे. धावपट्टीच्या कडेचे चार दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण बरोबर, इथवर सगळे सोपे. सेसना १७२ मध्ये वेग ६५ नॉट, फ्लॅप पूर्ण खाली. मग शेवटचे वीस फूट. इथे इंजिन मंद करून नाक हलके उचलायचे आणि विमानाला जमिनीवर बसू द्यायचे असते. जमीन किती जवळ आली हे खऱ्या वैमानिकाला डोळ्याच्या कडेने कळते. दोन्ही बाजूंची जमीन फाकल्यासारखी दिसू लागते. एका पडद्याला कडा असतात, पण त्यांच्यापलीकडे घराची भिंत असते. म्हणून घरचा शिकाऊ एक तर दहा फुटांवर नाक उचलून धाडकन पडतो, नाही तर उचलतच नाही आणि पुढच्या चाकावर आदळून बेडकासारख्या उड्या मारतो.

दुसरा प्रश्न पायांचा. पूर्ण शक्तीवर सेसनाचे नाक डावीकडे ओढले जाते; ते उजव्या पायाने रडर दाबून सरळ ठेवावे लागते. घरी बहुतेकांकडे पेडल नसतात, म्हणून ‘ऑटो-रडर’ चालू ठेवतात आणि वळणदर्शकातला, तिरकेपणा दाखवणारा छोटा गोळा न मागता मध्यावर राहतो. विमान तिरके सरकते आहे हे एरवी बैठकीला कळते. खुर्ची कुठेच सरकत नसल्याने इथे काहीच कळत नाही.

उलट, यंत्रांवरचे उड्डाण घरच्या संगणकावर चांगले शिकता येते, हे मोजूनही पाहिले गेले. १९९० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातच, म्हणजे आर्टविक यांनी प्रबंध लिहिला तिथेच, पीसीवर सराव केलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केवळ विमानात शिकलेल्यांशी केली गेली. नवे कौशल्य शिकताना पीसीने विमानातला वेळ वाचतो, असे दिसले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९७ मध्ये इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठीचे दहा तास पीसीवर आधारित मान्यताप्राप्त उपकरणावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करायला परवानगी दिली. घरच्या टेबलावरच्या, मान्यता नसलेल्या संचाला ही सवलत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

२००६ च्या दहाव्या आवृत्तीनंतर मोठी पोकळी आली. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा कार्यक्रम बनवणारा विभागच बंद केला. लॉकहीड मार्टिनने त्याचे हक्क घेऊन ‘प्रीपार३डी’ काढले. २०१२ चा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ हा प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळला. नवख्याला खूश करण्यासाठी उड्डाणच सोपे करून टाकायचे, ही त्यामागची समजूत साफ चुकीची होती.

ऑगस्ट २०२० मध्ये, जग घरात कोंडलेले असताना, फ्रान्समधील असोबो स्टुडिओने बनवलेली नवी आवृत्ती आली. बिंग नकाशांवरची छायाचित्रे आणि नेटवरून ओघाने येणारा भूभाग यांमुळे खिडकीबाहेर पहिल्यांदाच खरे जग दिसू लागले. यातले प्राथमिक धडे ॲरिझोनातल्या सेडोना इथे, लाल कड्यांच्या मधल्या पठारावरच्या धावपट्टीवर, सेसना १५२ मध्ये होतात. पहिल्याच धड्यापासून क्षितिज बघायला मिळते, ही चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा. नदी, रस्ता, डोंगर बघत वाट काढणे आता शिकता येते. मुंबईवर उडून पाहावे : जुहू आणि सांताक्रूझच्या धावपट्ट्या शेजारी-शेजारी, जवळपास एकाच दिशेच्या, आणि जुहूची सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढी. १९५३ मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरले होते. पडद्यावर तीच चूक किती सहज होते ते पाहिले, की त्या वैमानिकांना हसायची इच्छा उरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती आली. पहिल्या दिवसांत सर्व्हरवरच्या गर्दीने अनेकांना ती उघडताच येत नव्हती.

बारामती, गोंदिया किंवा शिरपूरच्या संस्थेत दाखल होणाऱ्या आजच्या मुलामुलींपैकी अनेकांचे हात आधीच अशा सिम्युलेटरवर फिरलेले असतात. चेकलिस्ट, रेडिओची भाषा, काट्यांचे वाचन यांत ते पुढे असतात. व्यावसायिक परवान्याला लागणाऱ्या २०० तासांत मात्र घरच्या खुर्चीतला एकही तास धरला जात नाही. सिम्युलेटरवाला विद्यार्थी बाहेर बघतच नाही, ही उड्डाण-प्रशिक्षकांची जुनी तक्रार आहे. त्यावर काही प्रशिक्षक एक साधा उपाय करतात : पहिल्या काही उड्डाणांत समोरची यंत्रे कागदाने झाकून टाकतात. घरी शिकणाऱ्यानेही मोठा मॉनिटर घेण्याआधी रडर पेडल घ्यावेत, ऑटो-रडर बंद करावे आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून सर्किट मारावे.