खिशातला कॅमेरा – भाग ७ : धूळ आत शिरते कशी?

मागच्या भागात सेन्सरच्या आकाराबद्दल बोललो आणि एक प्रश्न पुढे ढकलला : पुढच्या पिढीच्या छोट्या कॅमेऱ्यात आपल्याला काय हवं? मेगापिक्सेल मी यादीत धरतच नाही. रिको जीआर ३ मध्ये २४ आहेत, फुजीफिल्म एक्स१००व्हीआयमध्ये ४०. भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रिंट दोन्हींतून निघते. मला हवा आहे तो धूळ आत न घेणारा कॅमेरा. तो का हवा, हे बस्सीला गेल्यावर पटतं.

जयपूरहून आग्रा रोडने निघालं की कानोता लागतं, मग बस्सी, पुढे दौसा. जयपूरपासून बस्सीचं अंतर तीसेक किलोमीटर. थंडीत इथे मोहरी फुललेली असते आणि हवा निवळ असते, पण मे-जूनमध्ये लू वाहते आणि दुपार कलताना आंधी उठते. माती इतकी बारीक, की हवेत चढली की लवकर खाली बसत नाही. फोटो काढावासा वाटतो तोही नेमका तेव्हाच : आकाश तांबूस होतं, माणसं डोक्यावरचं कापड तोंडावर ओढून घेतात, रस्त्यावरचे ट्रक भरदिवसा दिवे लावतात. आपण खिशातून कॅमेरा काढतो आणि बटण दाबतो.

आता त्या बटणाकडे नीट बघू. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बंद असताना शरीरात घडी घालून बसलेली असते. कॅमेरा चालू केला की एकात एक बसलेल्या नळ्या बाहेर सरकतात. आतली जागा वाढते, दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळ्यांमधल्या फटींतून आत ओढली जाते. सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढताना होतं तेच. झूम केलं की पुन्हा थोडी हवा आत. कॅमेरा बंद केला की हवा बाहेर पडते, पण सगळे कण तिच्याबरोबर परत जात नाहीत. काही भिंगांवर राहतात, काही थेट सेन्सरपुढच्या काचेवर बसतात. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात लेन्स काढून ब्लोअरने हवा मारता येते. इथे लेन्स कायमची जोडलेली. म्हणजे सर्व्हिस सेंटर, पूर्ण खोलणं आणि त्याचं बिल. माझ्या जुन्या छोट्या कॅमेऱ्यात असा एक कण बसला आणि तेव्हापासून प्रत्येक आकाशात उजव्या कोपऱ्याजवळ एक करडा गोल ठिपका येतो.

हा ठिपका नेहमी दिसत नाही, त्यालाही कारण आहे. अ‍ॅपर्चर मोठं उघडलेलं असताना, म्हणजे एफ/२.८ ला, प्रकाश रुंद कोनातून येतो आणि कणाची सावली विरून जाते. एफ/११, एफ/१६ ला तोच प्रकाश अरुंद होतो आणि सावली ठळक पडते. घरी तपासायचं असेल तर एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो मुद्दाम आउट ऑफ फोकस काढा. दर फोटोत त्याच जागी ठिपका आला, तर धूळ आत आहे.

राजस्थानातल्या उन्हात नेमकं हेच अंगावर येतं. फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा असा : भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग. याच हिशेबाने एफ/२.८ ला सेकंदाचा ३२००वा भाग लागतो. छोट्या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये बसवलेल्या शटरला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर इतका वेग अनेकदा झेपत नाही. मग कॅमेरा अ‍ॅपर्चर लहान करत जातो आणि दडलेली धूळ वर येते. शिवाय लहान सेन्सरवर अ‍ॅपर्चर फार बारीक केलं, तर विवर्तनामुळे फोटोच मऊ पडतो. म्हणून आतच बसवलेला, प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर मला चैनीची गोष्ट वाटत नाही. जीआर ३ मध्ये तो २ स्टॉपचा आहे : प्रकाश एक चतुर्थांश होतो, ३२००चा वेग ८००वर येतो. एक्स१००व्हीआयमध्ये तो ४ स्टॉपचा आहे. सोनीने मात्र आरएक्स१०० मालिकेच्या सहाव्या आणि सातव्या पिढीत तो काढूनच टाकला. हे पाऊल मागे पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुळीशी भांडण या भागात नवं नाही. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे (निधन १८८०) स्वतः फोटो काढत, राजवाड्यात त्यांचा फोटोखाना होता. जनान्यातल्या स्त्रियांची आणि स्वतःची त्यांनी काढलेली छायाचित्रं आजही अभ्यासली जातात. तो काळ ओल्या कोलोडियनच्या काचेचा. चिकट थर दिलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. त्या थरावर कण बसला की चित्रावर डाग कायमचा. पण त्यांचा डाग एका काचेपुरता असे. पुढची काच कोरी. आपला कण पुढच्या प्रत्येक फोटोत उमटतो.

उपाय नाही असं मुळीच नाही. मिनोल्टाने २००२ मध्येच डिमाज एक्स काढला होता : आतल्या प्रिझमने प्रकाश काटकोनात वळायचा, झूम शरीराच्या आतच व्हायचा, लेन्स बाहेर यायचीच नाही. ओएम सिस्टमचा टीजी-७ पाण्यात १५ मीटर खोल जातो, धूळही आत घेत नाही. सेन्सर मात्र नखाएवढा. सोनीच्या २०१७ च्या आरएक्स०मध्ये १ इंच वर्गातला सेन्सर होता आणि तरीही तो १० मीटरपर्यंत जलरोधक होता, फक्त झूम नव्हता. म्हणजे सुटे भाग सगळे कुणी ना कुणी करून दाखवलेले आहेत. ते एका शरीरात आणायचे आहेत. कॅननने २०२५ च्या पॉवरशॉट व्ही१ मध्ये उष्णतेसाठी चक्क पंखा बसवला. व्हिडिओवाल्यांसाठी इतकं होऊ शकतं, तर धुळीत काम करणाऱ्यांसाठीही व्हायला हवं. कॅमेरा थोडा जाड झाला, तर मी तो आनंदाने खिशात कोंबीन.

सेन्सर थरथरवून धूळ झटकण्याची सोय काही कॅमेऱ्यांत आहे, आणि ती उपयोगी आहे. पण झटकलेला कण शरीराच्या आतच राहतो. म्हणून लेन्सच्या नळ्यांना सील हवं आणि सेन्सरपर्यंत पोचायला कारागिराला सोपी वाटही हवी. भारतात कॅमेरा दहा-बारा वर्षं वापरला जातो, घरातल्या घरात हातोहात फिरतो. दुरुस्ती परवडली नाही तर तो कपाटात जातो.

व्ह्यूफाइंडरही हवाच. बस्सीच्या दुपारी मागच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. सोनीने २०१४ च्या आरएक्स१०० एम३ मध्ये वर उघडणारा व्ह्यूफाइंडर इतक्या छोट्या शरीरात बसवला होता, आणि पॅनासॉनिकने टीझेड९९ मधून असलेला काढून घेतला. फोनचे स्क्रीन उन्हात वाचता येण्याइतके प्रखर झाले. कॅमेऱ्यांचे अजून तिथवर आलेले नाहीत. जो कॅमेरा उन्हात आंधळा होतो, तो आपल्या देशातली अर्धी वेळ गमावतो.

बॅटरीचा विषय पुढच्या आठवड्यात घेऊ : जीआर ३ ची बॅटरी एका चार्जमध्ये अधिकृत मोजमापाने २०० फोटो देते, ते का, आणि यूएसबी-सी आल्याने त्यात प्रवासी माणसासाठी किती फरक पडला.